ट्रामसाठी बांधलेलं गाव

ऑगस्ट १९४८. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउदॅम्प्टन शहरात काही ट्रामवेडी मंडळी सहलीला आली होती. तिथल्या ट्राम लवकरच बंद होणार होत्या. त्याआधी एकदा पोटभर फिरून घ्यावं एवढाच बेत. त्यांच्यासाठी जी गाडी काढली ती ४५ क्रमांकाची, १९०३ सालची, उघड्या माथ्याची. साउदॅम्प्टनच्या भर वस्तीत बारगेट नावाची मध्ययुगीन वेस आहे. ट्रामचा रस्ता त्या वेशीच्या कमानीखालून जाई आणि कमान बुटकी. म्हणून वरच्या मजल्याला छप्पर नाही, आणि बाकं मधोमध, पाठीला पाठ लावून मांडलेली. कडेला बसणाऱ्याचं डोकं कमानीच्या उतरत्या दगडावर आपटलं असतं! गावच्या एका वेशीने गाडीचा आकार ठरवला होता.

सहलीत कळलं की हीच गाडी आता भंगारात जाणार आहे. मंडळींनी तिथल्या तिथे वर्गणी काढली आणि ती विकत घेतली. किंमत दहा पौंड.

दहा पौंडांत ट्राम मिळाली, पण ती ठेवायची कुठे? जुनी मोटार घेतली तर गॅरेजात ठेवता येते, रविवारी बाहेर काढून मिरवता येते. जुनी बसही डिझेल भरून कुठल्याही मेळाव्याला नेता येते. ट्रामचं तसं नाही. तिला पायाखाली रूळ लागतात, डोक्यावर तार लागते, त्या तारेत साडेपाचशे-सहाशे व्होल्टचा डीसी प्रवाह लागतो, तो पुरवणारं सबस्टेशन लागतं आणि या सगळ्याची डागडुजी करणारी माणसं लागतात. हे सगळं शहर पुरवतं म्हणून ट्राम धावते. शहराने हात आखडला की मागे राहते ती लाकूड-लोखंडाची जड पेटी. ट्राम आणि ट्रॉलीबस जपणाऱ्यांची गोष्ट इतर छांदिष्टांपेक्षा निराळी झाली ती या अडचणीमुळेच. गाडी वाचवायला निघालेली माणसं शेवटी रस्ते बांधत बसली.

ब्रिटनमध्ये त्या काळी ट्राम म्हणजे रस्त्यातली धोंड, असं बहुतेक नगरपालिकांचं मत झालं होतं. रूळ जुने झालेले, ते बदलायचे तर खर्च मोठा, आणि बस स्वस्त. ट्राम टिकाव्यात म्हणून १९३७ साली ‘लाइट रेल्वे ट्रान्सपोर्ट लीग’ नावाची संघटना उभी राहिली. साउदॅम्प्टनची सहल तिचीच. लढाई मात्र ती एकेका शहरात हरत गेली. साउदॅम्प्टनची शेवटची ट्राम १९४९ च्या अखेरीस धावली. लंडनच्या ट्राम जुलै १९५२ मध्ये संपल्या आणि चार्ल्टनच्या आवारात रांगेने जाळल्या गेल्या. ग्लासगोने सप्टेंबर १९६२ मध्ये ट्रामची मिरवणूक काढून निरोप दिला तेव्हा भर पावसात अडीच लाखांच्या आसपास माणसं रस्त्याकडेला उभी होती. रुळांवर नाणी ठेवायची, चाकाखाली चेपलेलं नाणं आठवण म्हणून जपायचं, ही त्या दिवसांतली सार्वत्रिक रीत.

गाडी आधी घ्यायची आणि जागा मागाहून शोधायची, हा प्रकार अमेरिकेतही होऊन गेला होता. मेन राज्यात १९३९ साली काही तरुणांनी बिडफर्ड-साको मार्गावरची ३१ क्रमांकाची ट्राम दीडशे डॉलरला घेतली. तिच्याभोवती वाढत गेलेलं केनेबंकपोर्टचं ‘सीशोर ट्रॉली म्युझियम’ आज या प्रकारातलं जगातलं सर्वात जुनं आणि सर्वात मोठं संग्रहालय मानलं जातं.

साउदॅम्प्टनच्या गाडीला मात्र घर मिळायला बरीच वर्षं लागली. १९५५ मध्ये ‘ट्रामवे म्युझियम सोसायटी’ स्थापन झाली. तोवर आणखी गाड्या जमल्या होत्या आणि त्या उसन्या जागांत विखुरलेल्या होत्या. १९५९ साली या लोकांना डर्बीशरमधल्या क्रिच गावाजवळ चुनखडीची एक जुनी खाण सापडली. तिथे एक खनिजवाहू रेल्वेमार्ग होता, थेट जॉर्ज स्टीफन्सनच्या काळातला, आणि त्याचे रूळ उखडले जात होते. उखडणारेही हौशीच होते. वेल्समधली टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे स्वयंसेवकांनी वाचवली होती, तिच्यासाठी ते रूळ हवे होते. एका वेडाचं सामान न्यायला आलेल्यांमुळे दुसऱ्या वेडाला जागा मिळाली.

मग शनिवार-रविवारचे कामगार तयार झाले. नोकरी करणारी माणसं सुट्टीत यायची आणि खडी टाकायची, रूळ वाकवायची, खांब रोवायची. ब्रिटनभर नगरपालिका ट्रामचं सामान फेकून देत होत्या. इथे तेच सामान गोळा होत होतं. १९६३ मध्ये खाणीत घोड्याची ट्राम धावली आणि पुढच्या वर्षी विजेची.

आज क्रिच हे ब्रिटनचं राष्ट्रीय ट्राम संग्रहालय आहे. प्रवेशाच्या वेळी हातावर एक जुनी पेनी ठेवतात. १९७१ च्या दशमान पद्धतीने बाद झालेलं हे नाणं इथे अजून चालतं: ते कंडक्टरला द्यायचं आणि तिकीट घ्यायचं. पुढे दगडी फरसबंदीचा रस्ता, मधोमध ट्रामचे रूळ, दोन्ही बाजूंना इमारती. डर्बी शहराच्या असेम्ब्ली रूम्स १९६३ मध्ये आगीत सापडल्या. त्यांचा दर्शनी भाग एकेक दगड करून इथे आणून उभा केला आहे. पब आहे, तोही दुसऱ्या गावातून उचलून आणलेला. दिवाबत्तीचे खांब आहेत, टपालपेट्या आहेत. रस्ता संपला की रूळ रानात शिरतात आणि दरीच्या कडेकडेने जातात. सगळा मार्ग जेमतेम दीड किलोमीटरचा.

हा रस्ता हौसेचा देखावा वाटू शकतो, पण त्याला कारण आहे. ट्रामची पायरी किती उंच, घंटा किती मोठी, दिवा किती प्रखर, हे सगळं भोवतालच्या रस्त्यावरून ठरलेलं असतं. मोकळ्या पठारावर उभी केलेली ट्राम पाहून तिची उंची कळेल, पण तिचा आकार तसा का, हे कळायचं नाही. बारगेटची गोष्ट आठवली की मुद्दा लक्षात येतो.

संग्रहात परदेशी पाहुणेही आहेत. प्रागची १८० क्रमांकाची ट्राम १९६८ साली भेट म्हणून इकडे निघाली, ती सोव्हिएत रणगाडे तिच्या शहरात शिरले त्याच सुमारास. बर्लिनहून आलेली एक गाडी चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी बदलून घेतली आहे.

गाड्या आल्या, रस्ता झाला, तरी एक गोष्ट उरतेच: चालवणारा हात. जुन्या ट्रामला स्टीअरिंग नाही, पेडल नाहीत. चालकासमोर पितळी मुठीचा कंट्रोलर, दुसऱ्या बाजूला हाताने फिरवायचा ब्रेक आणि पायाखाली घंटेचं बटण. कंट्रोलरची मूठ एकेक नॉच, म्हणजे खाच, पुढे सरकवायची. सुरुवातीच्या नॉचवर गाडीच्या दोन्ही मोटरी एकीमागे एक जोडलेल्या असतात, म्हणजे व्होल्टेज दोघींत वाटलं जातं आणि गाडी सावकाश हलते. मध्ये रेझिस्टन्स असतात, ते एकेक करून वगळले जातात. नंतर मोटरी समांतर जोडल्या जातात, प्रत्येकीला पुरं व्होल्टेज मिळतं आणि वेग येतो. मूठ घाईने फिरवली तर गाडी हिसका देते आणि फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर उडतो; मधल्या नॉचवर फार वेळ रेंगाळलं तर रेझिस्टन्स तापतात. त्यामुळे कानाने मोटरीचा सूर ओळखून पुढची नॉच द्यायची. हे पुस्तकातून येत नाही. ज्यांनी ट्राम पोटासाठी चालवल्या, त्यांच्याकडून हौशी लोकांनी ते शिकून घेतलं आणि पुढच्यांना शिकवलं. चाक मोडलं तर नवं ओतता येतं. ही साखळी तुटली तर ती जोडायला कुणाकडे जाणार?

दुरुस्तीच्या शेडमधले वाद आणखी मजेचे. ब्रिटनमध्ये बाद झालेल्या ट्रामची चाकं आणि मोटरी भंगारात जात, पण लाकडी डबे शेतकऱ्यांना आणि किनाऱ्यावर जागा असलेल्यांना स्वस्तात विकले जात. त्यांत कोंबड्या राहिल्या, अवजारं राहिली, काहींत सुट्टीला आलेली कुटुंबं राहिली. सफोकमधल्या लोस्टॉफ्ट गावच्या १४ क्रमांकाच्या ट्रामचा डबा बागेतली झोपडी म्हणून वापरात होता. १९६१ मध्ये चार स्थानिक मंडळींनी तो मिळवला आणि त्यातूनच कार्लटन कोलव्हिल इथलं ईस्ट अँग्लिया परिवहन संग्रहालय उभं राहिलं. ट्राम, ट्रॉलीबस आणि बस अशा तिन्ही गाड्यांत एकाच आवारात बसता येतं, ते हे ठिकाण.

डबा सापडला की रंगाचे थर खरवडायचे. वरचा हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली नगरपालिकेचा मूळ रंग, सोनेरी रेघा, कधी जुना क्रमांक. मग प्रश्न येतो: गाडी परत आणायची ती कुठल्या सालची? क्रिचच्या ३३१ क्रमांकाच्या ट्रामचं उदाहरण घ्या. ही १९३० साली लंडनच्या एका कंपनीने प्रयोग म्हणून बांधली, दरवाजा मधोमध असलेली. लंडनला ती गैरसोयीची वाटली आणि १९३७ मध्ये सुंदरलंडला विकली गेली. तिथे ती १०० क्रमांकाने, त्या गावच्या रंगात, शेवटपर्यंत धावली. आयुष्याचा मोठा भाग सुंदरलंडचा, जन्म लंडनचा. दुरुस्त करणाऱ्यांनी लंडन निवडलं. सुंदरलंडच्या म्हाताऱ्यांना विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. दुरुस्ती म्हणजे गाडीच्या अनेक वयांपैकी एक वय ठेवून बाकीची पुसणं. म्हणून चांगली संग्रहालयं आता खरवडलेल्या थरांचीही नोंद ठेवतात.

ट्रॉलीबस हे या गोत्रातलं सर्वात अवघड अपत्य. ट्रामला एक तार पुरते, कारण वीज रुळांतून परत जाते. ट्रॉलीबसला रबरी टायर, म्हणून जायची एक आणि यायची एक अशा दोन तारा हव्यात आणि छतावर दोन दांडे हवेत. दावणीला बांधलेल्या गाईसारखी ती तारेपासून दोन्ही बाजूंना साडेचारेक मीटर सरकू शकते, त्यापुढे नाही. वळणावर दांडा सुटला की कंडक्टरने खाली उतरायचं, गाडीच्या पोटाखालून लांबलचक बांबू ओढायचा आणि वर पाहत दांडा पुन्हा तारेला लावायचा. गाडी मात्र इतकी निःशब्द की पादचाऱ्यांना ती येताना कळत नसे. चढावर तर तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

लंडनने ट्राम काढून ट्रॉलीबस आणल्या तेव्हा गाड्यांची संख्या सुमारे १,८०० वर गेली. जगात तेवढी मोठी व्यवस्था दुसरी नव्हती. मे १९६२ मध्ये तीही संपली. ब्रिटनमधली पहिली ट्रॉलीबस जून १९११ मध्ये लीड्स आणि ब्रॅडफर्डमध्ये सुरू झाली होती आणि शेवटची धावली ब्रॅडफर्डमध्येच, २६ मार्च १९७२ रोजी. त्याआधीच, १९६९ मध्ये, लिंकनशरमधल्या सँडटॉफ्ट इथे महायुद्धातल्या एका ओसाड विमानतळाचा तुकडा हौशी लोकांनी घेतला होता. बॉम्बफेकी विमानांच्या त्या जमिनीवर त्यांनी खांब उभारले आणि दुहेरी तारा ओढल्या. आज जुन्या ट्रॉलीबसचा एवढा मोठा संग्रह क्वचितच कुठे असेल. १९७२ नंतर ब्रिटनच्या एकाही सार्वजनिक रस्त्यावर ट्रॉलीबस सेवा नाही. लीड्सने ती पुन्हा आणायची योजना केली होती, ती २०१६ मध्ये सरकारने फेटाळली. म्हणजे त्या देशात ट्रॉलीबसमध्ये बसायचं तर संग्रहालयातच जावं लागतं.

ज्यांना खाण किंवा विमानतळ परवडत नाही, ते हाच खटाटोप टेबलावर करतात. ट्रामची मॉडेलं बनवणाऱ्यांची ब्रिटनमधली ‘ट्रामवे अँड लाइट रेल्वे सोसायटी’ १९३८ सालची आहे, म्हणजे क्रिचपेक्षा बरीच जुनी. बाजारात डायकास्ट ट्राम आणि ट्रॉलीबस तयार मिळतात, त्या कपाटात शोभतात. इथे गोष्ट आहे ती धावणाऱ्या मॉडेलांची.

रेल्वेच्या मॉडेलकाराला एक लबाडी करावीच लागते. खऱ्या आगगाडीचं चारशे मीटर त्रिज्येचं वळण १:७६ प्रमाणात सव्वापाच मीटरचं होतं. तेवढी खोली कुणाच्या घरात असते? म्हणून तो वळण खोटं, फार आवळ घेतो. ट्राम मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर बारा-पंधरा मीटरच्या त्रिज्येत वळते. त्याच प्रमाणात हे वळण सोळा ते वीस सेंटिमीटरचं होतं. जेवणाच्या टेबलावर, मापात काडीचाही फरक न करता, गावाचा पुरा चौक मावतो.

निसर्गाचे नियम मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत. खरी तांब्याची तार सुमारे बारा मिलिमीटर जाडीची. १:७६ प्रमाणात ती सहाव्या हिश्श्याच्या मिलिमीटरइतकी होते. ताणली की तुटते, सैल सोडली की लोंबते. त्यामुळे तार थोडी जाड घ्यावी लागते आणि डोळ्याला ती जाड दिसू नये म्हणून रंगवावी लागते. छतावरच्या दांड्याची स्प्रिंग जास्त ताठ झाली तर तारेलाच वर ढकलते, मऊ झाली तर दांडा दर वळणाला सुटतो. ब्रिटनमधले काही जुने कारागीर म्हणूनच १:१६ प्रमाण पत्करतात. त्यात गाडी हातभर लांब होते, पण तार पाऊण मिलिमीटरची येते, खऱ्यासारखी ताणता येते आणि तिच्यातून खरोखर वीज घेता येते. कंट्रोलरही नॉचचा बनवतात. अशा मॉडेलकाराला चौकात वरच्या तारेचा सांधेबदल बसवताना ज्या अडचणी येतात त्या सँडटॉफ्टच्या खांबावर चढलेल्या माणसाच्या अडचणींपेक्षा निराळ्या नसतात. फक्त तो शिडीऐवजी भिंग वापरतो.

ट्रॉलीबसचं धावतं मॉडेल त्याहून कठीण, कारण तिला दिशा द्यायला रूळही नाहीत. १९५० च्या दशकात जर्मनीत आयहाइम कंपनीने दुहेरी तारेवर धावणारी छोटी ट्रॉलीबस बाजारात आणली. तीच कंपनी पुढे मत्स्यालयाच्या फिल्टरसाठी जगभर ओळखली गेली आणि ट्रॉलीबसचा धंदा ब्रावा कंपनीकडे गेला. जुन्या खेळण्यांच्या शौकिनांत या गाड्यांना अजून मागणी आहे.

आता आपल्याकडे. मुंबईत घोड्याची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी. ट्राम कंपनीच्या पागेत तेव्हा नऊशे घोडे होते. विजेची ट्राम ७ मे १९०७ ची. तिच्यासाठी वाडी बंदरला वीजकेंद्र उभं राहिलं आणि ती चालवणारी कंपनी शहराला वीजही विकू लागली. आज बेस्टच्या एकाच नावाखाली वीज आणि बस नांदतात, त्याचं मूळ तिथे आहे. १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. मधल्या काळात, ११ जून १९६२ ला, गोवालिया टँक ते माझगाव डॉक मार्गावर बारा ट्रॉलीबस सुरू झाल्या होत्या. मार्च १९७१ मध्ये त्याही बंद झाल्या. मुंबईत ट्रॉलीबस होती हे सांगितलं तर आज कित्येक मुंबईकरांना खरं वाटत नाही.

या नव्वद वर्षांचं आज काय दिसतं? दादर टीटी म्हणताना कुणाला ट्राम टर्मिनस आठवत नाही. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धारात जमिनीखालून रुळांचे तुकडे निघाले. आणिक डेपोतल्या बेस्टच्या संग्रहालयात ट्राम आणि ट्रॉलीबसच्या लहान प्रतिकृती आहेत, तिकिटं आणि तिकिटांची यंत्रं आहेत. शाळेची मुलं तिथे जी ट्राम पाहतात ती मॉडेलच्या आकारात. क्रिचला मॉडेल ही खऱ्या गाडीची सोबत आहे. आणिकला ती तिची जागा घेते. म्हणून इथल्या मॉडेलकाराची जबाबदारी मोठी. त्याने पायरी चुकवली, खिडक्या कमी-जास्त केल्या, तर पुढच्या पिढीसाठी मुंबईची ट्राम तशीच असणार आहे.

वाहनांवर जीव लावणं मुंबईला परकं नाही. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर धावली तेव्हा ती सजवून लोकांनी निरोप दिला, आणि एक-दोन गाड्या तरी संग्रहालयात ठेवा ही मागणीही झाली. बसबद्दल अशी मागणी मान्य करणं सोपं असतं. डेपोच्या कोपऱ्यात उभी करता येते आणि डिझेल भरलं की निघते. ट्रामबद्दल ती १९६४ च्या मार्चमध्ये करून भागलं नसतं. त्या रात्री रूळ, तारा आणि ड्रायव्हर या तिन्ही गोष्टी एकदम निवृत्त झाल्या.

भारतात या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत त्या एकाच शहरात. कोलकात्यात घोड्याची ट्राम १८७३ मध्ये आली आणि विजेची १९०२ मध्ये. एस्प्लनेडला जुन्या ट्रामच्या डब्यातच २०१४ मध्ये ‘स्मरणिका’ नावाचं संग्रहालय झालं. १९९६ पासून मेलबर्न आणि कोलकाता इथल्या ट्रामप्रेमींनी मिळून ‘ट्रामजत्रा’ नावाचा उत्सव चालवला, रंगवलेल्या ट्राम, गाणी आणि दोन शहरांच्या कंडक्टरांची दोस्ती असा. पण सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान हा एक वारसामार्ग वगळून बाकी ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कारण ओळखीचं: रस्ते अरुंद, गाड्या फार, ट्राम आडवी येते. साउदॅम्प्टनच्या नगरसेवकांनीही याहून वेगळं काही सांगितलं नसेल.

वारसामार्ग मिळाला, मग तक्रार कशाची, असं कुणी विचारेल. तिथले ट्रामप्रेमी न्यायालयात आणि रस्त्यावर भांडतात ते संग्रहालयासाठी नव्हे, सकाळी कामावर जाताना पकडता येणाऱ्या ट्रामसाठी. ब्रिटनचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. मँचेस्टरने १९९२ मध्ये, शेफील्डने १९९४ मध्ये आणि नॉटिंगहॅमने २००४ मध्ये ट्राम परत आणली. आधी उखडलेले रूळ नव्याने, कितीतरी जास्त पैसे मोजून घातले. आणि क्रिचच्या लोकांना अवघा दीड किलोमीटर मार्ग उभा करायला सुट्ट्यांमागून सुट्ट्या घालवाव्या लागल्या. कोलकात्याकडे डेपो आहेत, कारागीर आहेत, कंट्रोलरवर हात बसलेले चालक आहेत. हे मोडून नंतर हौशी लोकांनी वर्गणी काढून उभं करायचं, यापेक्षा चालू ठेवणं स्वस्त पडतं. जगभरचे ट्रामवेडे आपल्या खिशाला लागलेल्या खर्चावरून एवढं तरी छातीठोकपणे सांगू शकतात.